न बोलावता आलेला वकील

कनकपूरच्या माणिकदेव राजाला वकील हवा होता, आणि एकही पसंत पडत नव्हता.

लेक सुमेधा आणि वैद्य जावई समुद्रापलीकडे वेलापट्टणात राहायला निघाले होते. राजाने तिथे लेकीच्या नावाने एक बाग घेऊन दिली होती. जावयाची औषधी रोपं जहाजावर चढली होती. पण वेलापट्टणची रीत अशी की परक्या माणसाला न्यायसभेत तोंड उघडता येत नाही. त्याच्या वतीने तिथल्याच वकिलाने बोलायचं. विडा घेतला की वकील अशिलाचा झाला, मग अशिलाचं गुपित तो कुणापाशी फोडत नाही.

राजाने तिथले नावाजलेले वकील बोलावून घेतले. एकाला विचारलं, "माझ्या मुलीशी प्रामाणिक राहाल?"

"प्राण देईन, महाराज!"

"इतक्या लगेच? हा लबाड आहे," राजा म्हणाला.

दुसरा जरा विचार करून म्हणाला, "प्रयत्न करीन."

"याची यालाच खात्री नाही. घालवा."

असे सगळे परत गेले. इकडे वारा फिरायची वेळ आली, रोपं माना टाकू लागली, आणि सुमेधा रडकुंडीला आली. एकदा वारा फिरला की वर्षभर जहाज हलणार नव्हतं. पण राजाचा हट्ट म्हणजे हट्ट.

दरबारात पान लावणारी भिवरा हे सगळं बघत होती. तांबोळ्याची पोर, सुमेधेबरोबरच लहानाची मोठी झालेली. तिला सुमेधेसोबत जायचं होतं, पण राजाने साफ नाही म्हटलं होतं. भिवराच्या हातच्या पानाशिवाय त्याला जेवण पचत नसे.

"महाराज, तुम्हाला वकील हवाय तरी कसा?" तिने विचारलं.

राजा फणकारला. "कसा? मी न बोलावता येईल, न विचारता बोलेल, आणि माझ्या मुलीला कधी पाहिलेलंही नसताना तिची बाजू घेईल असा! आहे तुझ्या माहितीत?"

"नाही. पण शोधून आणते. मचवा द्या."

"आणलास तर मागशील ते देईन. नाही आणलास तर तुझ्या हातचं पान पुन्हा तोंडात घालणार नाही."

ही शिक्षा नेमकी कुणाला होती, हे राजाने लक्षात घेतलं नाही.

भिवरा पानांचा डबा घेऊन वेलापट्टणला पोचली. न्यायसभेच्या ओसरीवर वकील ओळीने बसले होते. ती पहिल्याजवळ गेली आणि विडा पुढे केला.

"वकीलबुवा, कनकपूरची राजकन्या इथे राहायला येतेय. तिची इथे बाग आहे. ती परकी, तिला इथलं काही ठाऊक नाही. ती बाग मला हवी. जमेल?"

"बाग कशाला, शेजारची विहीरही मिळवून देतो," म्हणत त्याने विडा घेतला.

दुसऱ्याने विचारलं, "साक्षीदार म्हातारे हवेत की तरणे? दोन्ही तयार आहेत."

तिसरा तर प्राण देणारा होता! दरबारात त्याने भिवराच्या हातूनच पाहुणचाराचा विडा घेतला होता, पण विडा देणारीचा चेहरा पाहण्याची तसदी घेतली नव्हती. हाही विडा त्याने तसाच तोंडात टाकला.

शेवटी कोपऱ्यात एक किरकिऱ्या चेहऱ्याचा माणूस छत्री दुरुस्त करत बसला होता. त्याचं नाव सोमदत्त. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाग तुझी आहे का?"

"नाही."

"मग तुला कशी मिळेल?"

"तुम्ही मिळवून द्याल म्हणून तर आले."

"तुझा विडा परत घे. नाव काय?"

"भिवरा. कनकपूरच्या राजवाड्यात पान लावते."

"म्हणजे ज्यांचं खातेस त्यांच्याच मुलीवर उठलीस? मी विडा घेतलेला नाही, तेव्हा बोलायला मोकळा आहे. राजाला सांगणार."

"मधे समुद्र आहे, वकीलबुवा."

सोमदत्ताचा चेहरा पडला. त्याला जहाज लागत असे. तरी तो छत्री घेऊन उठला. "ओकत येईन, पण येईन."

उरलेला विडा भिवराने मचव्यात बसून आनंदाने खाल्ला.

ती परतली तेव्हा दरबार भरला होता. राजाने इकडेतिकडे पाहिलं. "वकील कुठाय?"

"येतील. तोवर पान लावते."

पान लावून होतंय तोच दाराशी आरडाओरडा झाला. पहारेकऱ्यांना छत्रीने बाजूला सारत, हिरवट पडलेल्या तोंडाने सोमदत्त आत शिरला.

"महाराज, मला कुणी बोलावलेलं नाही. पण तुमच्या मुलीला मी ओळखत नसलो तरी तिच्यावर अन्याय होऊ देणार नाही. तुमच्या घरातली एक बाई तिच्या बागेवर टपली आहे. आणि ती बघा, तुमच्याच शेजारी उभी आहे! तो विडा खाऊ नका!"

राजाचा हात तोंडाशीच थांबला.

"महाराज," भिवरा हळूच म्हणाली, "न बोलावता आले. न विचारता बोलले. राजकन्येला यांनी कधी पाहिलेलंही नाही."

राजाने तिच्याकडे पाहिलं, सोमदत्ताकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिवराने बाकीच्या वकिलांची हकिगतही सांगून टाकली. सुमेधेने स्वतः उठून सोमदत्तापुढे विडा धरला. त्याने चौकशी केली, खात्री करून घेतली, मगच उचलला.

"भिवरा, माग काय हवं ते," राजा म्हणाला.

"थांबा," सोमदत्त मधेच म्हणाला. "परीक्षा असो की आणखी काही, खोटी फिर्याद घेऊन न्यायसभेच्या ओसरीवर चढणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. आधी त्याची चौकशी."

"वकीलबुवांचं बरोबर आहे, महाराज," भिवरा म्हणाली. "गुन्हा वेलापट्टणात झाला, तर न्यायही तिथेच व्हायला हवा. राजकन्येच्या जहाजातूनच मला पाठवा. हेच मागणं."

सुमेधेने हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

"अगं, आणि माझ्या पानाचं काय?" राजा कळवळला. "माझी बाजू कोण मांडणार?"

"त्यासाठी एखादा चांगला वकील बघा, महाराज. मात्र मिळेपर्यंत जरा वेळ लागतो!"

राजा इतका हसला की मुकुट सावरावा लागला. त्याने आपलं चांदीचं पानदान भिवराच्या हातात ठेवलं आणि जहाज सोडायला सांगितलं. वारा अजून फिरला नव्हता. सोमदत्त मात्र तेवढा वेळ खांबाला धरून, परतीचा समुद्र डोळ्यांपुढे आणत उभा होता.