गच्चीवर वाळत घातलेले सेल

एका टोपलीत सहाशे सेल. निम्मे भरलेले, निम्मे मेलेले, आणि दिसायला सगळे जुळे भाऊ. ढवळगडच्या भूपालराजांनी हुकूम सोडला, "बकुळे, सूर्य मावळायच्या आत नवे-जुने वेगळे कर. एकही सेल टॉर्चमध्ये घालून बघायचा नाही. लावला की खर्च होतो. जमलं नाही तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

राजा आणि टॉर्च एकाच गोष्टीत कसे, असं विचारू नका. ढवळगडात सगळं होतं.

बकुळाबाई राजवाड्याच्या गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायची. त्या पगारावर तिची चूल पेटायची. आणि हा घोळ तिचा नव्हताच. सेल संपला तरी राजे टाकू देत नसत. "उन्हात ठेवा, जीव धरेल," म्हणत. त्यामुळे पापडांच्या शेजारी टोपलीत मेलेले सेल वाळत पडायचे. परवा बाजारात दोनावर एक फुकट लागलं. राजांनी तीनशे नवे सेल आणले आणि स्वतःच्या हातांनी त्याच टोपलीत ओतले. का, तर नव्यांनाही जरा ऊन लागू दे. आता हे राजांना सांगणार कोण?

"जिभेला लावून बघ," दिवाणजींनी सुचवलं.

"तुम्ही सुरू करा, दिवाणजी. मी मोजते."

दिवाणजी दोन पावलं मागे सरले. बकुळाबाईने एक सेल उभा धरला, चपटी बाजू खाली, आणि वीतभर उंचीवरून फरशीवर सोडला. टुणकन उडून तो आडवा झाला. दुसरा सोडला. तो धप्प करून जागच्या जागी बसला. टुणकन इकडे, धप्प तिकडे. ऊन उतरायच्या आत दोन ढीग तयार!

राजांनी धप्पच्या ढिगातले दोन सेल टॉर्चमध्ये घातले. लख्ख उजेड पडला.

"ही विद्या कुठे शिकलीस?"

"कावळ्यांकडून, महाराज. ते पापड सोडून सेल उचलतात आणि चव कळली की वरून टाकतात. आधी रोज नुसतं टुणकन ऐकायचे, परवापासून धप्पही ऐकू येतं. पोट भरलेला बसला की बसला. उपाशी तेवढा उड्या मारतो."

दिवाणजींनी पोटावरचा शेला सारखा केला.

आता चार्ज होणारे सेल आणा, असं तिने सुचवलं, पण राजे हट्ट सोडीनात. "चार्ज होणारे सेल महाग, हे स्वस्त. मग माझं चुकलं कुठे?"

"घोडा दमला की महाराज दाणा घालतात की नवा घोडा आणतात?"

"दाणा घालतो."

"टॉर्च रोज राबतो. त्याला पुन्हा पुन्हा भरणारा सेल बरा. भिंतीवरचं घड्याळ वर्षातून एकदा जेवतं, त्याला हा स्वस्तातला चालेल."

"आणि दोन घोड्यांवर एक फुकट मिळाला तर?"

"म्हणून तर तबेल्यात एकतीस घोडे आहेत, महाराज, आणि बसणारे तुम्ही एकटे."

राजांच्या मिशा हलू लागल्या. "बरं, बक्षीस म्हणून तांदळाचं एक पोतं घेऊन जा."

बकुळाबाईने आपला रिकामा जेवणाचा डबा पुढे केला. "पोतं म्हणजे एकदा वापरून टाकायचा सेल, महाराज. मला हा एवढासा डबाच भरून द्या. फक्त रिकामा झाला की कोठारातून पुन्हा भरून मिळावा."

राजे इतके हसले, की हातातला टॉर्च फरशीवर पडला.

"दिवाणजी, लिहून घ्या," ते डोळे पुसत म्हणाले, "हा डबा जन्मभर चार्ज होईल!"