दवंडीवाला आणि भांगेचं बी

खूप जुन्या काळी, राजाचा शब्द प्रजेपर्यंत पोचायला एका माणसाच्या गळ्याशिवाय दुसरी वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी ऐकल्यासारखं करू नये, खरंच ऐकावी.

एका राजाच्या नगरीत एक दवंडीवाला होता. त्याचा आवाज असा की चौकात उभं राहून त्याने “ऐका हो ऐका” म्हटलं, की वेशीबाहेर चरणाऱ्या म्हशी मान वर करून बघत. प्रधानजी त्याला कायदा सांगत, तो डफाच्या तालावर बसवून घेई आणि मग दिवसभर आळीआळीतून म्हणत फिरे. एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे.

फक्त एक गोष्ट होती. कायदा त्याच्या जिभेवर बसे, डोक्यात मात्र कधी शिरत नसे. खालच्या आळीपर्यंत आवाज पोचला का, माडीवरच्या बायका खिडकीत आल्या का, डफ उन्हात नीट तापला का, याच काळजीत तो असायचा. शब्दांकडे लक्ष द्यायला त्या बिचाऱ्याला सवड कुठली?

त्याची बायको तर दवंडीच्या वेळी कानांत कापूस घालून बसे. तिचंही चुकलं असं म्हणवत नाही. तोच आवाज घरात सकाळी आंघोळीचं पाणी मागायचा आणि संध्याकाळी भाजीत मीठ कमी म्हणून सांगायचा.

या दोघांना मूलबाळ नव्हतं. होता तो एक पोपट, पाचू नावाचा. बायको चुलीपाशी बसली की तो तिच्या खांद्यावर बसे आणि तिच्या पदराशी गप्पा मारी. दवंडीवाला घरी आला की “आले, आले” असं ओरडून सगळ्या आळीला सांगे. त्या दोघांचा सगळा जीव त्या पाखरात होता.

एकदा पाचूने खाणं सोडलं. पेरू नको, डाळ नको, मिरची दाखवली तरी मान फिरवली. पिसं फुगवून तो कोपऱ्यात बसून राहिला आणि बोलेनासा झाला. बायकोही त्याच्यासमोर आपलं ताट तसंच ठेवून बसू लागली.

त्याच सुमारास परमुलखातली एक म्हातारी दारावरून चालली होती. तिने आयुष्यभर पाखरं पाळली होती. पाचूला हातावर घेऊन ती म्हणाली, “पोट बिघडलंय याचं. भांगेचं बी मूठभर मिळव, भाजून रोज थोडं थोडं घाल. दुसरं काही याच्या पोटात टिकायचं नाही. उशीर मात्र करू नकोस, पोरी.”

दवंडीवाला तडक बाजारात गेला. किराणा दुकानदाराला त्याने विचारलं, “भांगेचं बी आहे का?”

दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं आणि हात जोडले. “दवंडीवाले, तुम्ही विचारताय? आमची परीक्षा घेताय होय? मी बालबच्चेवाला माणूस आहे. जा बाबा.”

दवंडीवाल्याला वाटलं, माल संपलाय आणि तसं सांगायला याला लाज वाटतेय. दुसऱ्या दुकानदाराने तर त्याला येताना पाहूनच फळ्या लावून घेतल्या. तेव्हा दवंडीवाल्याने ठरवलं, या नगरीतल्या व्यापाऱ्यांना धंदा कळत नाही, आपण परराज्यातून बी आणू. कुठे जातो, कशासाठी जातो, हे त्याने बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाही. राजाच्या माणसाने चार लोकांना विचारत फिरायचं म्हणजे मान कमी होतो, अशी त्याची समजूत होती.

निघताना बायको एवढंच म्हणाली, “अहो, परक्या मुलखात कायदा विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका.”

“मला सांगतेस?” दवंडीवाला म्हणाला. “अगं, मी कायद्याचा माणूस आहे.”

पहिलं राज्य पूर्वेचं. तिथे भांगेची झुडपं रस्त्याच्या कडेला माजली होती, शेळ्या ती खाऊन सावलीत हसऱ्या तोंडाने पडल्या होत्या. दवंडीवाल्याने एका दुकानदाराला आधी कायदा विचारला आणि अगदी कान देऊन ऐकला.

दुकानदार म्हणाला, “आमच्याकडे झाड कुणीही लावावं. बी विकायला मात्र बंदी. नातेवाइकांना भेट म्हणून दिलं तर चालतं.”

“मग तुमचं दुकान कसं चालतं?”

“नाती जोडून,” दुकानदार म्हणाला. “बसा ना, मामा. आमच्या आईचं माहेर तुमच्याच बाजूचं असणार.”

पाहतो तर दुकानात दहा-बारा गिऱ्हाइकं बसलेली, कुणी काका, कुणी आतेभाऊ, एक जण तर व्याही. एक फेटेवाला दुकानदाराच्या गळ्यात पडून रडत होता, कारण भेट किती मिळणार हे रडण्यावर ठरायचं. दवंडीवाला दचकला. उद्या कुणी चौकशी केली तर हा भाचा कुठला म्हणून सांगायचं? त्याने तिथून काढता पाय घेतला. दुकानदाराने मागून हाक मारली, “मामा, मामींना नमस्कार सांगा.”

दुसरं राज्य दक्षिणेचं. तिथे बी विकायला बंदी नव्हती, पण दुकानाबाहेर न्यायला होती. ज्याला खायचं त्याने तिथेच खावं आणि हात झटकून बाहेर पडावं. त्यामुळे दुकानात माणसांपेक्षा जनावरंच जास्त. कुणी पिंजरा घेऊन आलेला, कुणी कोंबडी काखोटीला मारून, आणि मधोमध एक बैल, दारातून आत कसा आला हे कुणालाच न सुटलेलं कोडं. दारावरचा शिपाई बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या मिशा विंचरून बघत होता, एखादा दाणा अडकलाय का म्हणून.

“माझा पोपट घरी आहे,” दवंडीवाला म्हणाला.

“मग त्याला घेऊन या,” शिपाई म्हणाला.

“तो आजारी आहे. एवढ्या लांब त्याला कसा आणू?”

“ते कायद्यात नाही,” शिपाई म्हणाला आणि पुढच्याच्या मिशीला हात घातला.

दवंडीवाला बाहेर येऊन एका दगडावर बसला. कोपऱ्यात फुगून बसलेला पाचू त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याला रडू कोसळलं. एवढा दणदणीत आवाज, पण रडताना तो कुणाला ऐकूसुद्धा गेला नाही.

तिसरं राज्य पश्चिमेचं. तिथला कायदा साधा निघाला. बी कुणीही घ्यावं, कुठेही न्यावं, फक्त मातीत पेरू नये. दवंडीवाल्याचा विश्वास बसेना. त्याने दुकानदाराला विचारलं, कोतवालाला विचारलं, देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. मग त्याने बी घेतलं, पंच्याच्या टोकाला बांधलं. वेशीवर पहारेकऱ्याने त्याच्या नखांत माती आहे का तेवढं पाहिलं आणि म्हणाला, “स्वच्छ आहेत. सुखाने जा.”

परतीच्या वाटेवर दवंडीवाल्याची छाती फुगली होती. तीन राज्यांचे कायदे विचारले, एकही मोडला नाही. असा माणूस दुसरा कोण असेल?

स्वतःच्या नगरीच्या वेशीवर पहारेकरी उभा होता. ओळखीचाच होता. त्याने विचारलं, “पंच्यात काय आहे?”

“भांगेचं बी,” दवंडीवाला खुशीत म्हणाला. “पश्चिमेकडून आणलं. तिथे चालतं. मी कोतवालाकडून खात्री करून घेतलीय.”

पहारेकऱ्याचा चेहरा पडला. “तिथे चालत असेल. पण तुम्ही इथे आणलंत ना? आपल्या राज्यात भांगेचं बी बाहेरून आणायला बंदी आहे. विकायला, विकत घ्यायलासुद्धा.”

“असं कोण म्हणालं?”

“तुम्ही.”

“मी?”

“अहो, पिंपळाच्या पारावर उभं राहून सांगितलंत. दर पौर्णिमेला सांगता. माझ्या धाकट्या पोरीलाही पाठ आहे.”

दवंडीवाला म्हणाला, “मग मला कुणी सांगितलं का नाही?”

पहारेकऱ्याने बी काढून घेतलं आणि दवंडीवाल्याला दरबारात नेलं.

राजाने सगळं ऐकलं. हसू दाबायला त्याने दोनदा खोकल्याचं निमित्त केलं. मग म्हणाला, “या गुन्ह्याची शिक्षा ठरलेली आहे. गुन्हेगाराला गावातून फिरवायचं आणि त्याचा गुन्हा कायद्यासकट चौकाचौकात पुकारायचा.”

प्रधानजी म्हणाले, “महाराज, पुकारणार कोण? दवंडीवाला तर हाच.”

“मग यानेच पुकारावं,” राजा म्हणाला.

अशी त्या दिवशी नगरीत एक वेगळीच धिंड निघाली. पुढे गुन्हेगार, मागे शिपाई, आणि डफ गुन्हेगाराच्याच गळ्यात. लोक दारांत, माड्यांवर, कौलांवरसुद्धा जमले. किराणा दुकानदार तर टाचा उंच करून बघत होता.

दवंडीवाल्याने तोंड उघडलं, पण नेहमीचा आवाज फुटेना. लाजेने डफावर हात उठत नव्हता. तो हळू आवाजात, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा म्हणू लागला.

“ऐका हो ऐका. या नगरीच्या दवंडीवाल्याने परराज्यातून भांगेचं बी आणलं. राजाचा कायदा असा की, भांगेचं बी कुणी बाहेरून आणू नये, कुणी विकू नये, कुणी विकत घेऊ नये. मात्र ज्याचं जनावर किंवा पाखरू आजारी असेल, त्याने राजवाड्याच्या कोठारातून मूठभर बी मागून न्यावं. कोठीवाल्याने…”

तो थांबला. तेच वाक्य त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी स्वतःशी.

“पुढे काय?” शिपायाने विचारलं.

“कोठीवाल्याने नाही म्हणू नये,” दवंडीवाला पुटपुटला. राजवाड्याच्या ज्या भिंतीला तो रोज संध्याकाळी डफ टांगत होता, तिच्या पलीकडेच ते कोठार होतं. तीन राज्यं पालथी घालून तो जे शोधत होता, ते त्याच्याच कायद्याच्या शेपटीला बांधलेलं होतं.

गर्दीतून एक गवळण पुढे आली. “दवंडीवाले, हे तुम्ही आजच सांगताय.”

“नाही हो ताई. दर वेळी सांगतो.”

“सांगत असाल. पण शेवट आला की तुम्ही डफ असा बडवता की काही ऐकूच येत नाही. आम्हाला वाटायचं, बंदी म्हणजे बंदी.” तिचा आवाज बारीक झाला. “गेल्या उन्हाळ्यात माझी म्हैस गेली. वैद्य म्हणाले होते, भांगेचं बी मिळालं तर वाचेल. मी मागायला गेलेच नाही.”

मग मात्र कुणी हसलं नाही. दवंडीवाल्याने तिच्यासमोर मान खाली घातली. स्वतःच्या फजितीचं त्याला काही वाटेना, त्या म्हशीचं वाटू लागलं. डफ काढून त्याने शिपायाच्या गळ्यात घातला आणि कोठाराकडे धाव घेतली. शिपायाने त्याला अडवलं नाही.

कोठीवाला पोत्यावर डुलक्या काढत होता. भांगेचं बी मागितल्यावर तो ताडकन उठून बसला. “आला एकदाचा कुणीतरी. इतकी वर्षं हे पोतं राखतोय, उंदरांशिवाय कुणी फिरकलं नाही.”

बायकोने ते बी मंद आचेवर भाजलं. पाचूने पहिला दाणा टाकून दिला, दुसरा चोचीत धरून ठेवला, तिसरा खाल्ला. बायको तिथेच भिंतीला टेकून बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. दोन आठवड्यांत पाखरू पुन्हा खांद्यावर बसू लागलं.

दवंडीवाल्याने मग राजाकडे एक मागणं मागितलं. आजवर पुकारलेले सगळे कायदे पुन्हा पुकारायचे, डफ न वाजवता, शेवटासकट. राजाने परवानगी दिली.

त्या दिवसांत नगरीला बरंच काही कळलं. बाळंतिणीने विहिरीवर रांगेत उभं राहायचं नसतं, हे कळलं. पाटाचं पाणी आधी शेवटच्या शेताला द्यायचं असतं, हे कळलं. जावयाने सासुरवाडीला आठवड्याच्या वर राहू नये, असाही एक शेवट निघाला, आणि त्या संध्याकाळी वेशीबाहेर पडणाऱ्या जावयांची मोठी रांग लागली. गवळणीच्या दारात दवंडीवाला स्वतः एक पारडी बांधून आला. ती म्हैस होईपर्यंत तिचा चाराही तोच घालत राहिला.

तात्पर्य: जे आपण जगाला ओरडून सांगतो, ते आधी आपल्या कानांनी शेवटपर्यंत ऐकावं.