वृद्धशाळेतली शांतता

पूर्वी वेत्रवती नगरीत सुबाहू राजाचे राज्य होते. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. ज्यांना मूलबाळ उरले नाही अशा म्हाताऱ्यांसाठी त्याच्याच सल्ल्याने राजाने एक वृद्धशाळा बांधली आणि जटिल नावाच्या माणसाला तिच्यावर नेमले. दर पौर्णिमेला सकाळी अमात्य पाहणीला येई.

सोणा नावाची एक म्हातारी विणकरीण तिथे राहत होती. तिला सगळ्यात जास्त भीती पौर्णिमेचीच वाटे. त्या दिवशी खाटेला बांधलेले पाय सुटत, आंघोळ होई, पांढरे वस्त्र मिळे. मग जटिल एकेकाच्या मागे उभा राहून खांद्यावर हात ठेवी.

"काही कमी आहे का, आई?" अमात्य विचारी. खांद्यावरचा हात जड होई.

"सगळं आहे, स्वामी," सोणा म्हणे.

"किती शांत आहे इथं!" असे म्हणून तो समाधानाने परत जाई. जटिल रोज पेजेत अफू कालवतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

एकदा सोणेच्या शेजारच्या केसीने पाणी मागून मागून जटिलला बेजार केले. "म्हातारे, तुला तहान फार!" म्हणत त्याने तिला कोठारात नेऊन टाकले. भिंतीपलीकडून तिचे कण्हणे येई. रोज ते थोडे बारीक होई. ते लवकरच थांबणार, हे सोणेला कळत होते. बोललो तर कोठारात आपली पाळी, हेही कळत होते.

पौर्णिमा आली. आणखी सात वृद्धशाळा बांधून त्यांना अमात्याचे नाव द्यायचे राजाने ठरवले होते. त्या आनंदात अमात्य सोणेशेजारी मांडी घालून बसला.

"आज मी तुमच्यातलीच पेज खाणार."

"उष्टं कशाला, स्वामी? तुमच्यासाठी खीर केलीय," जटिल घाईने म्हणाला.

"आईचं कसलं उष्टं?" अमात्याने सोणेचा वाडगा उचलला.

सोणेच्या खांद्यात बोटे रुतली. तिने डोळे गच्च मिटले आणि हाताने वाडगा उडवला.

"नको खाऊस, बाळा."

पेज जमिनीवर पसरली. अमात्याने दुसरा वाडगा जटिलपुढे धरला.

"तू खा."

"माझं जेवण झालंय, स्वामी."

"एकच घोट."

जटिल मागे सरकला. तेवढ्यात भिंतीपलीकडचे कण्हणे अमात्याच्या कानी आले. त्याने जाऊन कोठार उघडले.

केसीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, ओठ फुटले होते. अमात्याने तिला स्वतः पाणी पाजले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

राजाने जटिलला कैदेत टाकले. अमात्याला मात्र तो म्हणाला, "यात तुझा काय दोष? झाकून टाक हे. सात शाळांचं काम सुरू कर."

"दोष माझाच, महाराज. मी दिवस सांगून जात होतो. ज्याला ती माणसं भीत होती, त्याच्यासमोरच त्यांना विचारत होतो. इतकी म्हातारी माणसं एका जागी, आणि कुणाची कुरकुर नाही, याचीच मला धास्ती वाटायला हवी होती."

हे त्याने भरसभेत सांगितले, पद सोडले आणि वृद्धशाळेत खाट टाकून राहिला. कितीतरी दिवस सोणा उत्तर देण्याआधी मागे वळून पाहत असे. एके दिवशी मात्र मागे न पाहता ती म्हणाली, "पेज अळणी आहे." तो उठून मीठ आणायला गेला.

एवढे सांगून शास्ता बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "आजारी थेराला, त्या वृद्ध भिक्षूला, एकटे टाकून गेलेला वारण भिक्षू त्या वेळी जटिल होता. त्याच थेराजवळ रात्रंदिवस बसलेली उपासिका विनता ही सोणा, आणि तो थेर म्हणजे केसी. तो अमात्य मीच होतो. स्वतःची चूक झाकता येत असतानाही ती उघड सांगणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."