टिटवीने काय विचारलं

नद्यांना बांध ठाऊक नव्हते, तेव्हाची गोष्ट. डोहातलं म्हातारं कासव नदीची खबर राखायचं. जो तो येऊन सगळंच विचारायचा, त्याने ते थकून गेलं होतं.

एकदा टिटवी आली. "कासवदादा, उन्हाळाभर नदीत काय काय झालं, सगळं सांगा."

"सगळं? अगं बाई, तोवर माझ्या पाठीवर शेवाळ चढेल. जमायचं नाही. नेमकं विचार, नाहीतर वाट धर." कासवाने मान आत घेतली.

टिटवी हलली नाही. पायाने वाळू उकरत म्हणाली, "वाळूतली माझी अंडी लोंढ्यात गेली, तेव्हा पाणी फार गार होतं का?"

कासवाने हळूच मान बाहेर काढली. एवढंच विचारवत नव्हतं, म्हणून ती सगळं मागत होती.

"नाही गं," ते म्हणालं. "दिवसभराच्या उन्हानं कोमट झालं होतं."