चाळीस वाघिणी आणि गार्डाचा डबा

"सर, माझ्या इंजिनाकडे तुम्ही एकदा तरी बघणार आहात की नाही?"

दाऊद सर बोगद्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले होते. हातात अर्धं सोललेलं संत्रं. नजर रुळांवर.

"बघतोय की."

"तुम्ही गाडीचं शेपूट बघताय. इंजिन केव्हाच पुढे गेलं."

"हो का…"

सरांनी एक फोड तोंडात टाकली आणि बी तळहातावर काढून ठेवली.

सुहृद ओहोळ मनातून खट्टू झाला. ते वीतभर पितळी इंजिन त्याने स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. पुण्यातली नोकरी सांभाळून, सुट्टीचा एकेक दिवस घालून. सगळ्या वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, जोडकड्याही त्यानेच नव्या करून आणल्या होत्या. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ते संत्रं खात बसले होते!

दाऊद सर उजागरे भुसावळच्या चर्चमागच्या शाळेत हस्तकला शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी नाताळची सुट्टी लागली, की शाळेचा मोठा हॉल त्यांच्या ताब्यात यायचा. बाकं भिंतीला लागायची, टेबलं एकाला एक जोडली जायची आणि त्यांवर सरांची रेल्वे मांडली जायची. एका टोकाला कोळशाची खाण, दुसऱ्या टोकाला वीजघर. मधे चढ, चढाच्या माथ्यावर कागदाच्या लगद्याचा डोंगर, आणि डोंगरातून आरपार बोगदा.

खाणीतून भरलेली गाडी निघायची, वीजघरात जायची. मग वीजघरातून रिकामी गाडी सुटायची आणि खाणीत परतायची. मधला रूळ एकच. एक गाडी आल्याशिवाय दुसरी सोडायची नाही, एवढाच काय तो नियम.

पॅसेंजर नाही, एक्स्प्रेस नाही. नवं वर्ष उजाडेपर्यंत नुसत्या कोळशाच्या गाड्या.

गंमत अशी, की ज्यांच्या परसदारावरून खऱ्या कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जायच्या, तीच माणसं पोराबाळांना घेऊन इथे यायची आणि करंज्या खात खात या चिमुकल्या गाड्या तासन्‌तास बघायची.

"सर, सणाच्या दिवसांत कोळसाच का हो?" कुणीतरी एकदा विचारलं होतं.

खिडकीत नाताळचा विजेचा तारा पेटलेला होता. सरांनी तो नुसता बोटाने दाखवला होता.

सुहृद सरांचा लाडका विद्यार्थी. काडेपेटीच्या काड्या सारख्या कापून रुळांखाली कशा बसवायच्या, हे तो शाळेत असताना सरांकडूनच शिकला. आता तो पुण्यात रेल्वेच्या सिग्नलांचे आराखडे करायचा. चारचौघांत त्याला मान होता, आणि तो आहे हे त्याला ठाऊकही होतं.

यंदा गोष्ट वेगळी होती. सरांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. नाताळच्या जेवणाला बसले असताना ते सहज म्हणाले होते, "पुढच्या वर्षी गाड्या दुसऱ्या कुणीतरी चालवाव्यात."

कुणी, ते बोलले नव्हते.

सुहृदला तशी शंका नव्हती. पण सरांच्या तोंडून नाव ऐकायचं होतं.

"सर, आता चाळीस वाघिणी ओढतो. एका इंजिनावर. मागून रेटा द्यायला दुसरं इंजिन लावायचं नाही."

"ओढ."

"या चढावर आजवर कुणी ओढल्यात?"

"नाही."

"मग मी ओढल्या तर…?"

सरांनी आणखी एक फोड सोडवली.

"तर वीजघरात कोळसा पोचेल."

हसावं की रुसावं, सुहृदला कळेना. तो वाघिणी जोडायला लागला. प्रत्येकीत खऱ्या कोळशाचा चाळलेला चुरा भरलेला होता. शेवटी गार्डाचा डबा आला, तसा त्याचा हात थांबला.

"हा काढतो, सर. उगाच वजन. आता खऱ्या मालगाड्यांनासुद्धा कितीदा तो नसतो."

"असू दे."

"पण सर…"

"असू दे रे."

डबा राहिला.

सुहृदने बटण फिरवलं. पितळी इंजिनाने एक हिसका दिला, चाळीस कड्या टकटकटक ताणल्या गेल्या आणि गाडी हलली. हॉलमधली कुजबुज थांबली. गाडी चढाला लागली. इंजिन कण्हायला लागलं, चाकं एकदोनदा घसरली. सुहृदने श्वास रोखून धरला. इंजिन बोगद्यात शिरलं…

आणि पलीकडून बाहेर पडलं ते कसं! हलकं, झोकात, जणू चढ नव्हताच.

"बघा सर, बघा! चढावर कशी पिसासारखी चालली!"

इंजिन पुठ्ठ्याच्या वीजघरात दिमाखात शिरलं. मागोमाग वाघिणी आत गेल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक वीजघराभोवती दाटले. कुणी सुहृदच्या पाठीवर थाप मारली, कुणी इंजिन कसं केलं ते विचारू लागलं. सुहृदचा चेहरा फुलून आला. त्याच भरात त्याने सांधा बदलला आणि दुसरं बटण फिरवलं. सरांचं जुनं इंजिन रिकाम्या वाघिणी घेऊन वीजघरातून खाणीकडे निघालं.

"अजून आली नाही रे, बाबा."

बोलली ती सलोमी आत्या. रुळांच्या कडेला, बाकावर पदर सावरून बसलेली म्हातारी. साऱ्या गावाची ती आत्या. दरवर्षी यायची, याच बाकावर बसायची. कुणाशी फारसं बोलायची नाही.

"आली की, आत्या!" सुहृद हसत म्हणाला. "एवढ्या टाळ्या पडल्या, ऐकल्या नाहीत?"

"टाळ्या ऐकल्या. गाडी नाही आली."

लोक हसले. सुहृदही हसला. हसता हसता त्याने बटण आणखी थोडं फिरवलं. रिकामी गाडी वेगात डोंगराकडे निघाली.

दाऊद सर स्टुलावरून उठले. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी आपला तळहात रुळांवर उभा धरला.

इंजिन आलं आणि त्यांच्या हातावर आदळलं. चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

"सर! हात काढा, सर!"

सरांनी हात काढला नाही.

"इंजिन जळेल, सर! तुमचंच आहे ते!"

सारा हॉल वळून बघायला लागला. नुसती चाकांची घरघर. सुहृदने मुकाट्याने बटण बंद केलं.

"काय झालं?"

सरांनी मानेनेच बाक दाखवला. "आत्याला विचार."

सुहृद आत्याजवळ गेला. एवढ्या लोकांत खेळाचा विचका झाला म्हणून तो चिडला होता, पण म्हातारीवर आवाज कसा चढवणार? तो गुडघ्यांवर बसला.

"आत्या, गाडी आली नाही असं का म्हणता तुम्ही?"

"माझा माणूस दिसला नाही अजून."

"तुमचा माणूस?"

"आमचे हे मालगाडीवर गार्ड होते. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. क्वार्टरच्या मागेच रूळ. गाडी आली की मी चुलीवरची भाकरी टाकून दारात उभी राहायची." आत्या हसली. "इंजिनाकडे मी कधी बघितलंच नाही बघ. कोण ड्रायव्हर आहे, देव जाणे! डबे जायचे, जायचे, संपता संपायचे नाहीत. भाकरी करपायची. आणि मग सगळ्यांच्या शेवटी ह्यांचा डबा यायचा. हात करायचे. मीपण करायची. मग आत जायची."

सुहृदने वळून रुळांकडे पाहिलं.

"सर दरवर्षी तो डबा लावतात ना…" आत्या म्हणाली, "तो नाही गेला अजून इथून."

सुहृद ताडकन उठला, बोगद्याशी गेला आणि मोबाइलचा दिवा लावून आत वाकला.

आत, अंधारात, अर्धी गाडी उभी होती. कोळशाने भरलेल्या वाघिणी, एकीमागे एक. आणि पार टोकाला गार्डाचा डबा. पुढच्या वाघिणीची कडी उघडी लोंबत होती. त्याने स्वतः केलेली कडी.

सरांचा हात आड आला नसता, तर रिकामी गाडी जाऊन थेट तिच्यावर आदळली असती.

तो तसाच ओणवा राहिला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"सर, कडी सुटली."

"हं."

"चढावर इंजिन हलकं झालं…"

सरांनी खिशातून उरलेलं संत्रं काढलं.

"मला वाटलं, माझं इंजिनच तसं आहे."

त्यातली एक फोड त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

"खा."

त्याने खाल्ली. गोड होती.

मग तो कामाला लागला. रिकाम्या वाघिणी हाताने मागे ढकलून बाजूच्या रुळावर घेतल्या. सरांचं जुनं इंजिन एकटंच बोगद्यात पाठवलं. बटण इतकं हळू फिरवलं, की एरवी त्यालाच त्या चालीचा कंटाळा आला असता. आत कुठेतरी टक्‌ असा बारीक आवाज झाला. जुन्या इंजिनाने ओझं धरलं, आणि ते उलटं, पाऊल पाऊल मागे यायला लागलं.

एक वाघीण बाहेर आली. मग दुसरी. सुहृदचं इंजिनाकडे लक्ष नव्हतं. रुळांच्या पातळीत डोळे आणून तो बोगद्याच्या काळोखात बघत होता. वाघिणी येत राहिल्या. आणि मग, सगळ्यांच्या शेवटी, गार्डाचा डबा डुलत डुलत उजेडात आला.

डब्याच्या मागच्या कठड्याशी बोटाच्या पेराएवढा माणूस उभा होता. प्लॅस्टरचा. पांढरा गणवेश, हातात हिरवं निशाण. सरांनी केव्हातरी करून ठेवला असणार. सुहृदने तो आजवर पाहिलाच नव्हता.

आत्याने हात वर केला. घाईने नाही. रोजच्या माणसाला करावा तसा, खांद्याएवढा.

डबा पुढून गेला, तसा तिने हात खाली घेतला.

"आली," ती म्हणाली, आणि शेजारच्या बशीतली करंजी उचलली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण हॉलमध्ये सगळ्यांना एकदम बरं वाटलं. कुणीतरी चहा आणला. लोक पुन्हा बोलायला लागले.

सुहृद खाली फरशीवर मांडी घालून बसला आणि एकेक कडी तपासायला लागला. ज्या सैल वाटल्या, त्या पकडीने दाबून घट्ट केल्या. मान दुखायला लागली, पण उठावंसं वाटेना. शाळेत असताना काड्या कापताना असंच व्हायचं. सर मधूनच येऊन शेजारी उभे राहायचे, काही न बोलता निघून जायचे. आताही ते आले, उभे राहिले.

"सर," मान वर न करता तो म्हणाला, "पुढच्या नाताळात गाड्या कुणीही चालवा. कड्या बघायला मी येईन."

सरांनी पकड त्याच्या हाताशी सरकवली.

चाळीस वाघिणी पुन्हा जोडून झाल्या तेव्हा ऊन खिडकीतून खाली सरकलं होतं. पितळी इंजिन पुढे लागलं. गार्डाचा डबा मागे लागला. तो लावायला सुहृदला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने बटणांची पेटी उचलली आणि सरांच्या पुढे धरली.

"या खेपेला तुम्ही चालवा, सर."

"मला इंजिन नीट दिसायचं नाही रे."

"चालेल."

सरांनी पेटी घेतली. सुहृद जाऊन बाकाशी उभा राहिला. आत्याने पदर आवरून त्याला जागा करून दिली. तो बसला.

गाडी सुटली. चढाला लागली. इंजिन कण्हत कण्हत बोगद्यात शिरलं आणि बाहेर आलं तेही कण्हतच. सुहृदला तो आवाज ऐकून हसू आलं. ओझं मागे होतं तर! उतरत्या उन्हात पितळ लखलखलं आणि इंजिन समोरून गेलं. आत्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. सुहृदनेही त्याला नजरेआड होऊ दिलं.

वाघिणी जायला लागल्या. एक, आणखी एक, आणखी एक. त्याला कसलीच घाई वाटेना. आयुष्यात इतका वेळ आपण कशाची वाट बघत नुसते बसून राहिलो होतो का, हे त्याला आठवेना.

"भाकरी करपायची हो," आत्या हलकेच म्हणाली.

"करपू द्या, आत्या."

बोगद्याच्या तोंडाशी हिरवं निशाण दिसलं.

आत्याचा हात वर गेला. सुहृद हात मांडीवर ठेवून बसून राहिला. चांगला बाप्या माणूस, हॉलभर ओळखीची माणसं, आणि समोर प्लॅस्टरचं एक बाहुलं…

पलीकडून, पेटीवरची बोटं न हलवता, मान न वळवता, दाऊद सर म्हणाले,

"हात कर रे… गार्ड बघतोय."