टिकलीची कोळंबी सारात पडली

एक होती टिकली. टिकली म्हणजे मांजरीचं पिल्लू. अंग सगळं पांढरं, कपाळावर एक काळा ठिपका. म्हणून टिकली.

टिकली राहायची समुद्राकाठी, चांगुणाबायच्या घरी. दिवस होते थंडीचे. दात कडकड, नाक सुरसुर. बाय म्हणाली, "आज सार करू. पातळ, हलकं, गरमागरम."

पातेल्यात घातलं पाणी. आलं ठेचलं, ठक ठक. लसूण ठेचला, ठक ठक. मिरी कुटली, दोन आमसुलं टाकली. मग कोळंबी, मग तिसऱ्या. तिसऱ्या म्हणजे छोट्या शिंपल्या, तोंड घट्ट मिटलेल्या. नारळ नाही घातला. नारळाने पोट जड होतं ना.

कोळंबी निवडताना पहिली कोळंबी टिकलीची. त्या घरचा नियमच तो. मिळायची एकच, पण ती टिकलीची.

टिकली कोळंबी घेऊन चुलीजवळच्या कट्ट्यावर बसली. शेपटीचा एक घास घेतला. कुट्. तेवढ्यात नाकात गेली मिरी.

आऽ... आऽ... आक्छी!

कोळंबी उडाली. पातेल्यात पडली. डुबुक.

आणि बायने वर झाकण ठेवलं. झप्प.

आँ? टिकलीचे डोळे हे एवढे झाले.

"बाय, बाय, झाकण काढ. माझी कोळंबी मिळेना."

बाय म्हणाली, "नाय गो टिकले. तिसऱ्या उघडल्याबिगर मी झाकण काढत नाय. सगळी वाफ जाते."

आँ? टिकलीचे डोळे हे एवढे झाले. पातेल्यापाशी गेली, तुरुतुरु.

"तिसऱ्यांनो, तिसऱ्यांनो, उघडा.
बाय झाकण काढेना,
माझी कोळंबी मिळेना."

तिसऱ्या आतून म्हणाल्या, "पाणी उकळल्याशिवाय आम्ही तोंड उघडत नाही."

आँ? टिकलीचे डोळे हे एवढे झाले. पातेल्यावर पंजा वाजवला, टक टक.

"पाण्या, पाण्या, उकळ.
तिसऱ्या उघडेनात,
बाय झाकण काढेना,
माझी कोळंबी मिळेना."

पाणी म्हणालं, "चूल पेटल्याशिवाय मी उकळत नाही."

आँ? टिकलीचे डोळे हे एवढे झाले. टुणकन उडी मारली, चुलीपुढे आली.

"चुली, चुली, पेट.
पाणी उकळेना,
तिसऱ्या उघडेनात,
बाय झाकण काढेना,
माझी कोळंबी मिळेना."

चूल नुसतीच धुमसत होती. म्हणाली, "फुंकणीने फुंकल्याशिवाय मी पेटत नाही." आणि टिकलीच्या तोंडावर धूर सोडला. फूस.

आँ? टिकलीचे डोळे हे एवढे झाले. लालही झाले. कोपऱ्यात गेली, तुरुतुरु. तिथे होती लोखंडी फुंकणी.

"फुंकणी, फुंकणी, फुंक.
चूल पेटेना,
पाणी उकळेना,
तिसऱ्या उघडेनात,
बाय झाकण काढेना,
माझी कोळंबी मिळेना."

फुंकणी म्हणाली, "मी तर पोकळ नळी. नाखव्याने तोंड लावल्याशिवाय मी फुंकत नाही. या घरात सार करते बाय आणि चूल फुंकतो नाखवा."

आँ? टिकलीचे डोळे हे एवढे झाले. खाटेपाशी गेली, तुरुतुरु. खाटेवर होता नाखवा. नाखवा म्हणजे बायचा नवरा, होडीचा मालक. सकाळीच मासे घेऊन आला होता, भिजून चिंब. आता अंगावर दोन गोधड्या, तरी दात कडकड.

"नाखव्या, नाखव्या, ऊठ.
फुंकणी फुंकेना,
चूल पेटेना,
पाणी उकळेना,
तिसऱ्या उघडेनात,
बाय झाकण काढेना,
माझी कोळंबी मिळेना."

नाखवा म्हणाला, "छाती गारठली गो टिकले. गरम सार पोटात गेल्याबिगर फुंकर येत नाय."

आँ?

नाखव्याला सार हवं. पण नाखव्याने फुंकल्याशिवाय सार होत नाही. मग टिकलीची कोळंबी?

टिकलीचे डोळे हे एवढे, ए...वढे झाले. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. टिकलीला रडू आलं. थंडीही वाजली.

ती शिरली नाखव्याच्या गोधडीत. चढली त्याच्या छातीवर. अंगाची केली गुंडाळी. डोळे पुसले आणि घुरघुरू लागली.

घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

छाती झाली कोमट. घुर्र घुर्र. छाती झाली गरम.

"अरेच्चा," नाखवा म्हणाला, "थंडी गेली कुठे?" आणि उठून बसला.

नाखव्याने फुंकणीला तोंड लावलं. फूऽऽ.
फुंकणी फुंकली, चूल पेटली. भक.
चूल पेटली, पाणी उकळलं. खदखद खदखद.
पाणी उकळलं, तिसऱ्या उघडल्या. टक. टक. टकटकटक.
तिसऱ्या उघडल्या, बायने झाकण काढलं.

बायने पळी घातली. एक कोळंबी काढली. करवंटीत ठेवली, वर थोडं सार ओतलं, फुंकून निववलं.

"घे टिकले, तुझी कोळंबी."

टिकलीने पाहिलं. आँ? डोळे हे एवढे झाले.

"ही माझी नाही. माझी करडी होती. ही लाल आहे. माझी सरळ होती. ही वाकडी आहे."

बाय हसली. नाखवाही हसला. म्हणाला, "शिजली का कोळंबी लालच होते, टिकले. शेपटी बघ तिची."

टिकलीने शेपटी पाहिली. शेपटीचा एक घास खाल्लेला होता. कुट्.

टिकलीचीच कोळंबी होती ती.

टिकलीने कोळंबी खाल्ली. सार प्यायलं, लप लप लप. नाखव्याने दोन वाडगी प्यायली, बायने दोन. टिकली पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसली, ऊब घेत. पुन्हा नाकात गेली मिरी.

आऽ... आऽ...

बाय धावली. पातेल्यावर झाकण ठेवलं. झप्प.

आक्छी!

काहीच पडलं नाही. कोळंबी तर टिकलीच्या पोटात होती.

पातेलं झालं रिकामं, करवंटी झाली साफ, तुमचं-आमचं पोटही गरम.