निर्मात्याची ओळख

"फोन माझा की कंपनीचा, एवढंच सांगा भंतेजी."

विहारासमोर पानं झाडणाऱ्या म्हाताऱ्या भंतेंनी झाडू थांबवला.

खोब्रागडेसाहेबांचा सगळा जन्म वीज खात्यात हुकूम सोडण्यात गेला होता. त्यांच्या एका सहीनं तालुक्याचे दिवे लागत. आता तळहाताएवढी काच त्यांना जुमानत नव्हती.

"विकत कोणी घेतला?"

"मी."

"मग तुमचा."

"मग मलाच नाही कसा म्हणतो?"

भंते बाकावर त्यांच्याशेजारी टेकले. "काय म्हणतो?"

साहेबांनी वाचून दाखवलं. "या अ‍ॅपच्या निर्मात्याची ओळख पटलेली नाही. इन्स्टॉल करता येणार नाही."

"निर्माता कोण?"

"उत्पला."

साहेबांची लेक उत्पला गेली, तेव्हा तिचं पुण्यानुमोदन भंतेंच्याच हातून झालं होतं...

बापाला मुतखड्याचा त्रास, आणि पाणी प्यायचं भान नाही. म्हणून पोरीनं स्वतःच्या आवाजातलं एक लहानसं अ‍ॅप करून दिलं होतं. दुपार कलली की खिशातून हाक यायची, "बाबा, पाणी. कपभर नाही, तांब्याभर." मग जुना फोन बॅटरी फुगून बंद पडला. अ‍ॅपची फाइल हाताशी होती, पण नवा फोन ती आत घेईना.

"निर्मात्यानं स्वतः ओळखपत्र देऊन नोंदणी करावी, म्हणतात. तिला मी कुठून आणू?... माझ्या मांडीवर वाढली ती. आणि हे मला ओळख विचारतात."

"चूक आहे त्यांची," भंते म्हणाले. "भांडा. अर्ज लिहा, मीही सही करतो."

साहेब चपापले. मोह सोडा, सगळं अनित्य आहे, असलं काहीतरी ऐकावं लागेल या तयारीनं ते आले होते. त्यावरचं उत्तरही घोकून ठेवलं होतं.

"तुमचा फोन अडवत नाही तुम्हाला?"

"माझा बटणांचा आहे. त्याला नाही म्हणायची अक्कल कुठली?"

साहेबांना हसू फुटलं, आणि लगेच विरलं.

"कंपनीच्या अ‍ॅपच्या दुकानातून आलेलं तेवढं आत," ते म्हणाले. "बाकी सगळं परकं. कोणी जीव ओतून काही देऊ केलं तरी दार बंद. याला काय शहाणपण म्हणायचं?"

भंतेंनी विहाराच्या दाराकडे पाहिलं.

आत मेणबत्ती लावून रत्नमालाबाई बाहेर आल्या. नवऱ्यापाशी येऊन त्यांनी पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडून पुढे केली.

"अहो, सकाळपासून घोट नाही घेतला."

"नको."

"दोनच घोट."

"नको म्हटलं ना. तुझं काय मध्येच."

बाईंनी हात मागे घेतला नाही. साहेबांची मान पुन्हा फोनात गेली...

भंते उठले. आपली जागा त्यांनी हातानं झटकली आणि बाईंना बसायची खूण केली. बाई संकोचल्या, मग नवऱ्याशेजारी टेकल्या.

साहेबांनी वर पाहिलं. बायकोचे ओठ सुकून फुटले होते. तिच्या मांडीवरची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

भंतेंनी झाडू उचलला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला पाण्याची आठवण कोण करून देतं?"